छोट्या मापातील रेल्वे इंजिने आणि वाघिणी: वेदरिंग व तपशीलकामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेदरिंग म्हणजे नेमके काय?

कारखान्यातून आलेल्या प्रतिकृतीचा रंग एकसारखा, स्वच्छ आणि बहुधा किंचित चकचकीत असतो. रुळांवर धावणाऱ्या खऱ्या गाडीवर मात्र काजळी, ब्रेकची भुकटी, तेल, गंज, पावसाचे ओघळ आणि उन्हाने उडालेला रंग यांचे थर वर्षानुवर्षे साचत जातात. हे थर प्रतिकृतीवर रंगाने आणि पावडरीने उभे करण्याला वेदरिंग म्हणतात. अनेकांच्या मनात वेदरिंग म्हणजे प्रतिकृती मळवणे असे समीकरण असते, पण ते अपुरे आहे. मळ कोठून आला, कशामुळे खाली वाहिला आणि कोठे अडला, हे ज्याला सांगता येते त्याचेच काम खरे वाटते. कारण सांगता येत नसेल असा एकही डाग लावू नये, हा नियम मी स्वतः पाळतो आणि या पानावरची बहुतेक उत्तरे त्याच नियमातून आलेली आहेत.

इतक्या लहान मापात हे सगळे दिसते तरी का?

दिसते, परंतु मापाचा हिशेब मनात पक्का असावा लागतो. एचओ मापाचे प्रमाण 1:87 आहे, एन मापाचे सर्वसाधारणपणे 1:160 आणि झेड मापाचे 1:220. खऱ्या इंजिनावर 1 सेंटिमीटर रुंदीचा रंगाचा पोपडा उडाला असेल, तर 1:87 मध्ये तो जेमतेम 0.11 मिलिमीटरचा होतो. म्हणजे ब्रशच्या टोकाने सहज उमटलेला 1 मिलिमीटरचा ठिपका हा प्रत्यक्षात जवळजवळ 9 सेंटिमीटर आकाराचा खड्डा ठरतो. एन मापात तर तो 16 सेंटिमीटरचा होईल.

दुसरा हिशेब अंतराचा आहे. एचओ प्रतिकृती आपण 60 सेंटिमीटरवरून पाहतो, तेव्हा खरी गाडी सुमारे 52 मीटरवरून पाहिल्यासारखे ते असते. एन मापात हेच अंतर 96 मीटर भरते. इतक्या लांबून रंग फिके आणि थोडे करडे दिसतात. त्यामुळे शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा हे दोन्ही रंग बाटलीतून थेट वापरू नयेत. काळ्याच्या जागी गडद करडा किंवा काळपट तपकिरी, आणि पांढऱ्याच्या जागी मातकट फिका रंग घेतला की प्रतिकृती एकदम वजनदार दिसू लागते. माप जितके लहान, तितका रंगांतील फरक सौम्य ठेवावा.

सुरुवात कशापासून करावी?

ज्या प्रकारचे वाहन करायचे आहे त्याच प्रकारच्या खऱ्या वाहनाच्या छायाचित्रापासून. शक्य असेल तर त्याच काळातले रंगीत छायाचित्र घ्यावे आणि बाजू, छत व टोके अशी वेगवेगळी दृश्ये मिळवावीत. दुसऱ्याने केलेल्या प्रतिकृतीचे छायाचित्र नमुना म्हणून घेऊ नये, कारण त्यात त्याच्या चुका आणि सवयीही येतात. पहिला हात एखाद्या जुन्या, स्वस्तातल्या वाघिणीवर (मालडब्यावर) चालवावा. आवडते इंजिन पहिल्याच दिवशी पुढ्यात घेऊ नये. साहित्य म्हणून दोन-तीन बारीक ब्रश, एक जुना चपटा ब्रश, कापसाच्या काड्या, मेकअपचा स्पंज, गडद तपकिरी व काळपट अशा दोन-तीन छटा आणि मॅट (चमक नसलेले) व्हार्निश एवढे पुरते.

आधी तपशील जोडावेत की आधी रंगाचे काम करावे?

आधी तपशील. नवा पितळी कठडा किंवा ब्रेकचा पाइप रंगकाम संपल्यावर बसवला, तर तो बाहेरून आणून चिकटवल्यासारखा दिसतो, कारण त्याच्या मागे साचलेली सावली आणि मळ तेथे नसतो. तपशील जोडणे, त्यांना मूळ रंग देणे, क्रमांक व अक्षरे लावणे, त्यावर व्हार्निशचा संरक्षक थर आणि मग वेदरिंग, असा क्रम ठेवावा. खिडक्यांच्या काचा, चालकांच्या आकृत्या आणि टेंडरमधला (वाफेच्या इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातला) कोळसा मात्र शेवटी बसवावा.

कोणते तपशील जोडल्याने सर्वाधिक फरक पडतो?

जे प्रतिकृतीच्या बाह्यरेषेच्या बाहेर डोकावतात, ते. स्वस्त प्रतिकृतींवर हाताने धरायचे कठडे अंगासोबतच साच्यातून उठावात आलेले असतात. ते धारदार पात्याने तासून काढावेत, जागा बारीक पॉलिश पेपरने सपाट करावी, हाताने फिरवायच्या ड्रिलने भोके पाडावीत आणि त्यांत पितळी तारेचे कठडे बसवावेत. या एकाच बदलाने वाघीण जिवंत वाटते. खरा कठडा 30 मिलिमीटर जाडीचा धरला, तर 1:87 मध्ये तार 0.35 मिलिमीटरची हवी आणि 1:160 मध्ये 0.2 मिलिमीटरहून किंचित कमी. लहान मापात इतकी बारीक तार हाताळताना वाकते, त्यामुळे थोडी जाड तार चालवून घ्यावी लागते. पण दुप्पट जाडीची तार लावण्यापेक्षा मूळ उठाव तसाच ठेवलेला बरा.

त्यानंतर बफरच्या तुळईवरचे ब्रेकचे पाइप, दिवे अडकवायचे आकडे, वायपर, शिड्या आणि छतावरच्या जाळ्या येतात. टेंडरमधला प्लॅस्टिकचा कोळसा काढून त्याजागी खरा कोळसा बारीक कुटून, चाळून घालावा. त्यावर पाणी घातलेला पांढरा गोंद भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबासह सोडला, की साबणामुळे गोंद ढिगावर गोळा न होता आत झिरपतो आणि सुकल्यावर दिसत नाही.

झटपट चिकटणारा गोंद वापरला की खिडकीच्या काचेवर पांढरट धूर बसतो. हे का होते?

सायनोॲक्रिलेट गोंद वाळताना त्याची वाफ हवेतील ओलाव्याशी संयोग पावून जवळच्या पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बसते. पारदर्शक प्लॅस्टिकवर ती लगेच डोळ्यांत भरते. काचांसाठी पांढरा गोंद वापरावा; तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चूक झाली तर ओल्या काडीने निघतोही.

इनॅमल, ॲक्रिलिक आणि तैलरंग यांपैकी काय घ्यावे?

तिन्ही उपयोगी आहेत, पण त्यांचा क्रम समजून घ्यावा. ॲक्रिलिक पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये पातळ होते, तर इनॅमल आणि तैलरंग टर्पेंटाइन किंवा खनिज थिनरमध्ये. खालचा थर ज्या द्रावकात विरघळतो, तो द्रावक वरच्या थरात नसावा, एवढे एकच तत्त्व ध्यानात ठेवले की निम्मे अपघात टळतात. म्हणून मूळ रंग आणि व्हार्निश ॲक्रिलिकचे असावे आणि त्यावर वेदरिंगचे काम इनॅमल किंवा तैलरंगाने करावे. असे केल्यास नको असलेला मळ थिनरने ओलसर केलेल्या काडीने तासाभरानंतरही पुसता येतो आणि खालच्या रंगाला धक्का लागत नाही.

तैलरंग वाळायला काही दिवस घेतात. पुष्कळांना हा दोष वाटतो, पण वेदरिंगमध्ये तोच गुण आहे, कारण तेवढा वेळ रंग हलवता, पातळ करता आणि मागे घेता येतो. नळीतला रंग वापरण्यापूर्वी तो काही वेळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवावा. जास्तीचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग अधिक मॅट व लवकर वाळणारा होतो. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, काळा आणि फिका पिवळट अशा पाच नळ्यांत बहुतेक सर्व काम होते.

वॉश देताना माझी वाघीण सगळीकडून सारखीच काळवंडते. कोठे चुकते?

वॉश म्हणजे रंगाचे अतिशय पातळ द्रावण. केशाकर्षणाने ते खाचांमध्ये आणि रिव्हेटांभोवती ओढले जावे, अशी त्यामागची अपेक्षा असते. पृष्ठभाग मॅट असेल तर तो खडबडीत असल्याने द्रावण जिथे पडेल तिथेच शोषले जाते आणि सगळीकडे एकच काळसर छटा बसते. त्यासाठी वॉशच्या आधी चकचकीत किंवा अर्धचकचकीत व्हार्निशचा थर द्यावा. संपूर्ण बाजूवर वॉश फासण्याऐवजी बारीक ब्रशचे टोक फक्त खाचेला टेकवावे. द्रावण स्वतःच रेषेत पळत जाते. ते पाहणे मला आजही आवडते. दहा-पंधरा मिनिटांनी थिनरने किंचित ओला केलेला चपटा ब्रश वरून खाली, फक्त वरून खाली, ओढावा. पाणी आडवे वाहत नाही, म्हणून आडवा हात फिरला की ओघळ खोटा वाटतो.

ओघळांसाठी तैलरंगाच्या ठिपक्यांची पद्धत मी सर्वांत विश्वासाची मानतो. वाघिणीच्या दाराची बिजागरी घ्या. तिच्या खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा बर्न्ट अंबरचा ठिपका ठेवायचा, पाच मिनिटे थांबायचे, ब्रश थिनरमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करायचा आणि त्या ठिपक्यावरून सरळ खाली न्यायचा. प्रत्येक फेऱ्यानंतर ब्रश पुसायचा. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला ठिपका विरघळून वर गडद, खाली फिका होत नाहीसा होणारा ओघळ उरतो. शेजारच्या बिजागरीखाली तसाच दुसरा ओघळ काढू नये. एक लांब, एक आखूड, एकाखाली काहीच नाही, असे असले की डोळा ते मान्य करतो.

गंज नारिंगीच दाखवायचा ना?

नाही, आणि बहुतेक प्रतिकृती येथेच बिघडतात. ताजा गंज नारिंगीकडे झुकतो हे खरे, परंतु वर्षानुवर्षांचा गंज गडद तपकिरी, जांभळट किंवा जवळजवळ काळा असतो. त्यामुळे जुन्या जखमेचा मधला भाग गडद आणि कडेला, जिथे गंज अजून पसरतो आहे, तिथे थोडी उजळ छटा असा क्रम ठेवावा. खूप उजळ नारिंगी फक्त एखाद्या ठिपक्यापुरता राखावा.

उडालेला रंग दाखवण्याचा सोपा मार्ग स्पंजचा आहे. स्पंजचा फाटका कोपरा गडद तपकिरी रंगात टेकवून कागदावर जवळजवळ संपूर्ण झटकावा आणि मग कडांवर, दाराच्या चौकटीवर, माणसांचे पाय लागतात त्या पायऱ्यांवर हलकेच टेकवावा. मिठाची पद्धतही प्रसिद्ध आहे: गंजाच्या रंगावर ओलसर मीठ भुरभुरून वर मूळ रंग फवारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचे. मोठ्या मापात ती सुंदर दिसते, पण 0.3 मिलिमीटरचा मिठाचा दाणासुद्धा एन मापात जवळजवळ 5 सेंटिमीटरचा पोपडा होतो. लहान मापासाठी हेअरस्प्रेची पद्धत अधिक योग्य. गंजाच्या थरावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिकचा मूळ रंग, आणि वाळल्यावर ओल्या ब्रशने घासून हवा तेवढाच रंग सोडवायचा.

शेवटचे एक पथ्य असे, की खऱ्या लोखंडाचा कीस गंज म्हणून कधीही वापरू नये. मोटारीतील चुंबक तो आत ओढून घेते आणि इंजिन कायमचे अडकू शकते.

पावडरी व्हार्निश मारल्यावर नाहीशा होतात. उपाय काय?

व्हार्निशच्या ओलाव्याने पावडरीचे कण पारदर्शक झाल्यासारखे होतात आणि निम्मा परिणाम जातो. पावडर मॅट पृष्ठभागावर लावावी, कारण तिला धरायला खडबडीतपणा लागतो. लावताना गरजेपेक्षा थोडी जास्त लावावी. व्हार्निश लांबून, अगदी हलक्या धुक्यासारखे मारावे आणि मग पुन्हा पावडरीचा हात द्यावा. जी गाडी हाताळली जात नाही तिच्यावरची शेवटची पावडर व्हार्निशशिवाय राहिली तरी चालते. तयार पावडर नसेल, तर चित्रकारांचे कोरडे पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून तशीच भुकटी मिळते. तेलकट पेस्टल मात्र चालत नाहीत.

एअरब्रश हवाच का?

नाही. ओघळ, गंज आणि साचलेला मळ ब्रशनेच अधिक चांगला होतो. एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाचा, खरा उपयोग दोन ठिकाणी होतो: छतावरच्या काजळीसाठी आणि चाकांजवळून वर विरत जाणाऱ्या धुळीसाठी, कारण या दोन्हींना कडा नसते. रंग दुधाइतका पातळ, दाब 15 ते 20 पीएसआय आणि एका वेळी अगदी पुसट थर ठेवावा. थर दिसला असे वाटले, तर तो बहुधा आधीच जास्त झालेला असतो.

वाफेच्या इंजिनावर कोणता मळ कोठे असतो?

येथे विषय सर्वांत समृद्ध आहे, कारण या इंजिनात आग, पाणी, तेल, राख आणि वाळू एकत्र नांदत असत. धुराडे, बॉयलरचा माथा आणि चालकाच्या खोलीचे छत यांवर काजळी वरून पडते, म्हणून ती आडव्या पृष्ठभागांवर दाट आणि बाजूंवर विरळ असते. बॉयलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या धुराच्या पेटीत अर्धवट जळलेले निखारे व राख तळाशी साचते, त्यामुळे तिच्या दाराचा खालचा भाग तापून रंग करपतो व गंजतो. तर दार उघडून राख बाहेर ओढली जाते तेव्हा पुढच्या फळीवर करड्या राखेची भुकटी उरते.

पाणी जिथून निसटते तिथे क्षारांचे पांढरट ओघळ येतात: बॉयलर धुण्याच्या बुचांखाली, सेफ्टी व्हॉल्व्हभोवती, इंजेक्टरच्या (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या साधनाच्या) सांडपाइपाजवळ. हे ओघळ पिवळट पांढऱ्या रंगाने, अगदी बारीक काढावेत, तीन-चार पुरेत. टेंडरच्या पाणी भरण्याच्या तोंडाभोवती मात्र पाणी सांडून काजळी धुतली गेलेली असते, म्हणजे तिथे मळ लावायचा नसून काढायचा असतो. वाळूच्या पेटीच्या झाकणाखाली फिक्या वाळूची रेष असते. चाकांचे दांडे व क्रॉसहेड (दट्ट्याचा दांडा चाकांच्या दांड्याला जोडणारा सरकता भाग) तेलाने माखलेले, म्हणून तिथे गंज नको. काळपट तपकिरी रंगात थोडे चकचकीत व्हार्निश मिसळून ती ओल आणावी. चालकाच्या खोलीबाहेरचा क्रमांक वाचता यावा म्हणून कामगार तो फडक्याने पुसत. क्रमांकाभोवतीचा तो स्वच्छ, वेडावाकडा पट्टा मी न चुकता करतो, कारण त्यात माणसाचा हात दिसतो.

डिझेल आणि विद्युत इंजिनांचे काय?

डिझेल इंजिनावर धूर बाहेर टाकणाऱ्या तोंडांभोवती काजळी दाट असते आणि ती छतावर मागे-पुढे पसरते. इंधन भरण्याच्या तोंडाखाली तेलाचा गडद, ओलसर ओघळ असतो. यंत्राने धुतल्या जाणाऱ्या गाड्यांच्या सपाट बाजू स्वच्छ राहतात, परंतु फिरते ब्रश जिथे पोहोचत नाहीत त्या खाचा, जाळ्या आणि टोकांचे कोपरे मळकेच राहतात. विद्युत इंजिनाचे वैशिष्ट्य छतावर असते: पँटोग्राफच्या (तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्याच्या) कार्बनच्या पट्ट्या व वरची तांब्याची तार एकमेकांवर घासून जी भुकटी पडते, तिने छत काळपट तपकिरी होते.

वाघिणींना कसे हाताळावे?

आधी माल विचारावा, मग रंग उघडावा. सिमेंटच्या वाघिणीवर भरण्याच्या तोंडापासून खाली पांढरट करडे थर असतात आणि पाऊस लागून ते घट्ट झालेले असतात. तेलाच्या टाकीवर सांडलेले तेल मध्यभागी, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरते. खनिजाच्या वाघिणीवर त्या खनिजाचीच धूळ सर्व आडव्या कडांवर बसते. कोळशाच्या वाघिणीचा आतला भाग पोपडे धरलेला दाखवू नये. सतत घसरणाऱ्या मालाने तो घासला जातो आणि पातळ गंजावर मधूनमधून उघडे, करडे लोखंड दिसते. लाकडी फळ्यांची वाघीण असेल तर उघडे लाकूड जुने होताना करडे पडते, तपकिरी नव्हे. दोन-तीन फळ्या वेगळ्या छटेत रंगवल्या की दुरुस्तीत बदललेल्या फळ्या दिसतात आणि वाघिणीला इतिहास मिळतो.

खालचा सांगाडा सर्व वाघिणींना बराचसा समान असतो. ओतीव लोखंडाच्या ब्रेकची भुकटी गंजून तपकिरी होते आणि चाकांच्या आसपास सर्वत्र बसते. डिस्क ब्रेकच्या वाहनांवर ती फारच कमी असते. एकाच गाडीतल्या सगळ्या वाघिणी एका बैठकीत, एकाच मिश्रणाने रंगवू नयेत. माझी पहिली सहा वाघिणींची रांग मी अशीच केली होती आणि ती वेगवेगळी सहा वाहने न वाटता एकाच रंगात बुडवलेली वाटत असे; त्यांतल्या दोन पुसून मी जवळजवळ नव्या ठेवल्या, एक फार जुनी केली, तेव्हा रांग खरी झाली.

वेदरिंगनंतर इंजिन अडखळत चालते. का?

रंग चाकांच्या धावेवर (रुळाला टेकणाऱ्या भागावर) किंवा वीज घेणाऱ्या पत्र्यांवर बसलेला असतो. फवारणीपूर्वी ते पत्रे झाकावेत आणि काम संपताच चाकांची धाव थिनर लावलेल्या काडीने लखलखीत करावी. खऱ्या गाडीचीही धाव लखलखीतच असते. चाकांवर फवारताना इंजिन उलटे धरून दोन तारांनी वीज द्यावी आणि चाके संथ फिरत ठेवावीत. स्थिर चाकांवर फवारले तर दांड्यांच्या मागे स्वच्छ सावल्या उरतात आणि चाक हलताच उघड्या पडतात. या वेळी ठिणगीचा धोका टाळण्यासाठी ज्वलनशील द्रावकांऐवजी पाण्याचे ॲक्रिलिक वापरावे. पावडरीचे काम शक्यतो अंग सांगाड्यापासून वेगळे काढून करावे.

क्रमांक बदलताना छापील अक्षरे कशी काढावीत, आणि काय टाळावे?

आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या काडीने हळूहळू घासून अक्षरे सैल होतात, मग लाकडी दातकोरणीने ती खरवडावीत. आधी तळाच्या न दिसणाऱ्या भागावर चाचणी घ्यावी, कारण काही रंग अक्षरांबरोबरच उतरतात. एका इंजिनावर ही चाचणी न घेता मी थेट बाजूवर घासले आणि क्रमांकासोबत पिवळा पट्टाही गेला. तो पट्टा पुन्हा आखायला दोन संध्याकाळी लागल्या. नवी डेकल (पातळ पापुद्र्यावर छापलेली, चिकटवायची अक्षरे) चकचकीत पृष्ठभागावर लावावीत, नाहीतर खाली हवा अडकून कडा चंदेरी दिसतात. हेच अल्कोहोल मॅट व्हार्निशवर गेले की पांढरट डाग उमटतात, हेही लक्षात असावे.

हे काम करताना आरोग्याची काय काळजी घ्यावी?

फवारताना आणि पावडर उडवताना खिडकी उघडी व योग्य फिल्टरचा मुखवटा हवा. साधे कापड द्रावकाची वाफ अडवत नाही. ज्योतीजवळ थिनर उघडू नये. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

तयार प्रतिकृती हाताळताना रंग निघू नये म्हणून काय करावे?

बोटांच्या घामाने पावडर चमकू लागते आणि नेमकी तिथेच, जिथे आपण रोज धरतो. म्हणून प्रतिकृती कोठे धरायची हे आधीच ठरवावे, त्या जागी फक्त रंगाचे काम करून पक्के मॅट व्हार्निश द्यावे आणि पावडर इतरत्र ठेवावी. डब्यात ठेवताना स्पंजऐवजी मऊ, गुळगुळीत कागदात गुंडाळावी. वापराने एखादी कड उघडी पडलीच, तर लगेच ब्रश उचलू नये. ती झीज बरोबर जागी पडली आहे का, हे आधी छायाचित्राशी ताडून पाहावे, कारण पायरीच्या आणि दाराच्या कडेवरची अशी झीज अनेकदा जशीच्या तशी ठेवण्याजोगी असते.